सोलापुरात राहून एफएमसी शिकताना : टाइप रेटिंगला निघालेल्यांसाठी मार्गदर्शक

सोलापूर विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली, तेव्हापासून वैमानिक होऊ पाहणारी आपल्याकडची मुले-मुली माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. फ्लाइंग स्कूलमध्ये लहान विमान उडवायला शिकलो, व्यावसायिक परवानाही मिळाला. पण मोठ्या प्रवासी विमानाच्या कॉकपिटमधला तो बटणांचा संगणक, म्हणजे फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर किंवा एफएमसी, शिकायचा कुठून? सोलापुरात त्याचा सिम्युलेटर नाही, शिकवणारी संस्था नाही, आणि टाइप रेटिंगच्या, म्हणजे विशिष्ट प्रकारचे मोठे विमान उडवण्याची पात्रता देणाऱ्या प्रशिक्षणाच्या, वर्गात गेल्यावर पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना तो येतो असे गृहीत धरून पुढचा अभ्यास सुरू होतो. मी ही तयारी जुळे सोलापुरातल्या घरी लॅपटॉपवर केली आणि नंतर खऱ्या प्रशिक्षणात तिचा उपयोग कुठे झाला व कुठे नाही हे पाहिले. त्या आधारावर हा क्रम लिहीत आहे. उदाहरणे बोईंग ७३७-८०० ची घेतली आहेत. एअरबसमधील फरक शेवटी स्वतंत्र दिले आहेत. पडद्यावरील आणि बटणांवरील रोमन अक्षरे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

एफएमसी नेमके काय करतो हे आधी स्पष्ट असावे. विमानतळ, धावपट्ट्या, मार्गबिंदू, हवाई मार्ग, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या ठरलेल्या पद्धती यांचा डेटाबेस त्याच्यात साठवलेला असतो. तुम्ही मार्ग, वजन, इंधन आणि वारा सांगितलात की कुठे वळायचे, किती उंचीवर जायचे, कोणत्या वेगाने जायचे आणि कुठून खाली यायला लागायचे याचा हिशेब तो करतो. विमान प्रत्यक्ष वळवणे हे त्याचे काम नव्हे. ते ऑटोपायलट करतो, आणि तेही एलनॅव्ह (आखलेला मार्ग धरणारा) व व्हीनॅव्ह (उंची व वेग सांभाळणारा) हे मोड तुम्ही चालू केले तरच.

माझ्या मते या यंत्राचा अभ्यास म्हणजे बटणे पाठ करणे नव्हे. आपल्याकडच्या जेकार्ड मागावर कार्डातले छिद्र चुकले तर चादरीवर चुकीचेच फूल उमटते, माग त्याला हरकत घेत नाही. एफएमसीही तसाच आहे. आकड्याचा साचा बरोबर असेल तर चुकीचा आकडाही तो निमूटपणे घेतो आणि त्यावर अत्यंत अचूक हिशेब मांडतो. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर तीन गोष्टी शिकायच्या आहेत: काय भरायचे, ते कोणत्या कागदावरून घ्यायचे, आणि भरल्यावर कोणत्या वेगळ्या साधनाशी ताडून पाहायचे. यातली तिसरी गोष्ट बहुतेक नवशिके सोडून देतात.

१. आधी काय जमवावे

सिम्युलेटर चालवू शकेल असा लॅपटॉप किंवा संगणक लागतो. एक्स-प्लेन १२ ची मोफत चाचणी आवृत्ती मिळते आणि त्या सिम्युलेटरसाठी झिबो या नावाने ओळखले जाणारे ७३७-८०० चे मोफत मॉडेल उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर असेल तर फ्लायबायवायरचे ए-३२० मोफत मिळते, तर पीएमडीजीचे ७३७ विकत घ्यावे लागते. सुरुवातीला पैसे खर्च करू नका. मोफत मॉडेलमध्ये शिकण्यासारखे भरपूर आहे.

याशिवाय सिमब्रीफवर मोफत खाते उघडा, म्हणजे मार्ग, इंधन आणि वजन यांचा पूर्ण फ्लाइट प्लॅन मिळतो. भारतीय विमानतळांचे तक्ते भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ई-एआयपी या ऑनलाइन माहितीसंग्रहात विनामूल्य पाहता येतात. एक जाड वही, पेन्सिल आणि फ्लाइट प्लॅनची छापील प्रत घ्या. पडद्यावरचा आकडा दुसऱ्या पडद्यावरील खिडकीशी ताडताना नजर घसरते, म्हणून छापील प्रतीचा आग्रह धरतो. उन्हाळ्यात वीज जाण्याची शक्यता असलेल्या भागात राहत असाल तर यूपीएसची सोय करा, कारण मांडलेले सगळे उड्डाण मध्येच गेले की पुन्हा बसण्याचा उत्साह राहत नाही.

२. कळफलक कागदावर शिकावा

ज्या उपकरणातून एफएमसीशी बोलायचे त्याला सीडीयू म्हणतात. त्याच्या पडद्यावर चौदा ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत चोवीस अक्षरे मावतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा निवड-बटणे असतात. डावीकडच्यांना एक-एल ते सहा-एल आणि उजवीकडच्यांना एक-आर ते सहा-आर म्हणतात. सर्वांत खालची ओळ म्हणजे स्क्रॅचपॅड. तुम्ही जे टंकता ते आधी तिथे उमटते, आणि मग योग्य निवड-बटण दाबले की त्या जागी जाते. उलट, स्क्रॅचपॅड रिकामा असताना एखाद्या ओळीचे बटण दाबले तर त्या ओळीतील मजकूर खाली उतरतो. ही दुहेरी हालचाल हाताला सवयीची झाली की निम्मे काम सोपे होते.

एका मोठ्या कागदावर सीडीयू प्रत्यक्षाएवढा काढा, टेबलावर ठेवा आणि सिम्युलेटर सुरू न करता बोटाने सराव करा: कोणते पान उघडले, कोणत्या बटणाने काय भरले, हे तोंडाने म्हणत. आठवडाभर रोज अर्धा तास एवढे पुरते. रिकाम्या चौकटी दिसल्या तर ती माहिती भरणे आवश्यक असते. तुटक रेषा दिसल्या तर ती ऐच्छिक असते. सीएलआर बटण एकदा दाबल्यास शेवटचे अक्षर जाते आणि दाबून धरल्यास पूर्ण स्क्रॅचपॅड साफ होतो. डीईएल दाबून एखाद्या ओळीचे बटण दाबले की त्या ओळीतील नोंद निघते. लेग्ज पानावर, म्हणजे मार्गातील बिंदूंची क्रमवार यादी दाखवणाऱ्या पानावर, फक्त वेग द्यायचा असेल तर त्याच्यामागे तिरकी रेघ द्यावी लागते, नाहीतर यंत्र तो आकडा उंची समजते. उंचीच्या मागे ए लावल्यास त्या उंचीवर किंवा तिच्या वर, आणि बी लावल्यास त्या उंचीवर किंवा तिच्या खाली, असा अर्थ होतो.

३. आयडेंट पान: तारीख वाचा

सुरुवात नेहमी इनिट-रेफ बटणाने आणि आयडेंट पानाने होते. येथे काही भरायचे नसते, म्हणूनच लोक ते ओलांडून जातात. विमानाचा प्रकार, इंजिनाची क्षमता आणि नेव्हिगेशन डेटाबेसच्या वैधतेच्या तारखा येथे दिसतात. हा डेटाबेस दर २८ दिवसांनी बदलतो. आजची तारीख दाखवलेल्या कालावधीत बसत नसेल तर दुसरा डेटाबेस सक्रिय करावा लागतो, आणि तो जमिनीवरच आणि मार्ग भरण्याआधीच करावा, कारण बदलताच आधी भरलेला मार्ग पुसला जातो. घरच्या सिम्युलेटरवर मोफत डेटाबेस बहुधा जुना असतो. त्याने सरावाला बाधा येत नाही; मात्र आजच्या तक्त्यावरील एखादी पद्धत यंत्रात का सापडत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच मिळते.

४. विमान कुठे उभे आहे ते सांगणे

पॉस इनिट पानावर विमानाची स्थिती अक्षांश-रेखांशात द्यावी लागते. इनर्शियल रेफरन्स सिस्टीम, म्हणजे आयआरएस, ही स्थिती आरंभबिंदू मानून पुढची प्रत्येक हालचाल मोजते. आपल्या अक्षांशावर तिची जुळणी व्हायला साधारण दहा मिनिटांच्या आतबाहेर वेळ लागतो आणि त्या काळात विमान हलता कामा नये. सिम्युलेटरमध्ये ही जुळणी क्षणात उरकण्याची सोय असते. ती बंद ठेवा. त्या मिनिटांत वैमानिक काय काय करतो याची सवय नंतर उपयोगी पडते.

मुंबई विमानतळाचे स्थान साधारण १९ अंश ५.३ मिनिटे उत्तर आणि ७२ अंश ५२.१ मिनिटे पूर्व असे आहे. ते भरताना अक्षांशाचे अंश दोन आकड्यांत आणि रेखांशाचे अंश तीन आकड्यांत द्यायचे, म्हणजे एन १९०५.३ ई ०७२५२.१. आता रेखांशातील दोन शेजारचे आकडे उलटे पडून ०७५२२.१ झाले अशी कल्पना करा. साचा बरोबर असल्यामुळे ही नोंद स्वीकारली जाऊ शकते, आणि मुंबईच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या विमानाला आपण बीड शहराच्या पश्चिमेला कुठेतरी उभे आहोत असे वाटेल.

हा केवळ कल्पनाविलास नाही. १० मार्च २०१५ रोजी सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या ए-३३० विमानात रेखांश १५१०९.८ ऐवजी ०१५१९.८ असा भरला गेला. स्थितीतील चूक ११,००० किलोमीटरपेक्षा जास्त होती. इशारे आले, पण त्यांचा अर्थ वेळेवर लागला नाही. उड्डाणानंतर दिशादर्शक यंत्रणा विस्कळीत झाल्या आणि विमान शेवटी मेलबर्नला उतरवावे लागले. येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. पृथ्वीच्या भ्रमणावरून आयआरएसला अक्षांश स्वतः पडताळता येतो, परंतु रेखांश स्वतःहून ओळखता येत नाही. त्यामुळे रेखांशाच्या आकड्याकडे दुप्पट लक्ष द्या.

ताडून पाहण्याची रीत अशी: पॉस रेफ पानावर जीपीएसची स्थिती दिसते, तिच्याशी आणि तक्त्यावर छापलेल्या पार्किंग-स्थानाशी, अशा दोन ठिकाणी तुलना करा. जीपीएसची नोंद स्क्रॅचपॅडवर उतरवून वापरता येते आणि त्याने टंकण्याची चूक टळते. तरीही तक्ता पाहाच.

५. मार्ग भरणे

सरावासाठी मुंबई ते हैदराबाद हे उड्डाण घ्या. अंतर लहान आहे, दोन्ही ठिकाणी सर्व सोयी आहेत, आणि सोलापूरकरांना भूगोल तोंडपाठ आहे. रूट पानावर आरंभी व्ही-ए-बी-बी आणि गंतव्य म्हणून व्ही-ओ-एच-एस भरा. दुसऱ्या पानावर डावीकडे हवाई मार्गाचे नाव आणि उजवीकडे तो जिथे सोडायचा तो बिंदू, या क्रमाने फ्लाइट प्लॅनमधील मार्ग उतरवा. मग ॲक्टिव्हेट निवडा. एक्झेक, म्हणजे बदल अमलात आणणाऱ्या, बटणावरचा दिवा लागेल. तो लागला म्हणून लगेच दाबायचा नाही. आमचे प्रशिक्षक या क्षणी बोट बटणापासून मागे घ्यायला लावत आणि पडद्यावर काय बदलले ते दुसऱ्या वैमानिकाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगत. घरी एकटे असाल तरी मोठ्यानेच वाचा. मनातल्या मनात वाचताना डोळ्यांना हवे तेच दिसते.

बिंदू भरताना यंत्र कधीकधी एकाच नावाच्या अनेक बिंदूंची यादी दाखवते आणि त्यांतला एक निवडायला सांगते. हे पान हलक्यात घेऊ नका. २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे ९६५ क्रमांकाचे बोईंग ७५७ कोलंबियातील कालीकडे उतरत असताना रोझो या रेडिओ बीकनकडे (दिशादर्शक केंद्राकडे) वळण्यासाठी आर हे एकच अक्षर टंकण्यात आले. डेटाबेसमध्ये त्या अक्षराखाली बोगोटाजवळचा रोमिओ हा बीकन यादीत सर्वांत वर होता. तो निवडला गेला आणि न ताडता अमलात आणला गेला. विमान रात्री डोंगरांच्या दिशेने वळले, आणि त्या अपघातात १५९ जणांचा मृत्यू झाला. यादी आली की प्रत्येक नावापुढचे अक्षांश-रेखांश वाचा आणि तुमच्या मार्गाजवळचाच बिंदू घ्या. महाराष्ट्र-तेलंगणातील कोणत्याही बिंदूचा अक्षांश साधारण १६ ते २२ अंश उत्तर आणि रेखांश ७२ ते ८१ अंश पूर्व यांच्या आसपास असायला हवा. याबाहेरचा आकडा दिसला तर थांबा.

६. डेप-अराइव्ह पान आणि मार्गातील खंड

आता धावपट्टी, उड्डाणाची पद्धत, हैदराबादची उतरण्याची पद्धत आणि अप्रोच (धावपट्टीकडे येण्याचा शेवटचा टप्पा) निवडा. निवड झाली की लेग्ज पानावर मध्येच चौकटी आणि रूट डिसकंटिन्युइटी असा शब्द दिसतो. नवशिके तो दिसताच घाईने खालचा बिंदू वर ओढून खंड बुजवतात. असे करू नका. काही खंड दोन तुकडे जुळले नाहीत म्हणून पडतात आणि ते बुजवायचेच असतात. काही मात्र मुद्दाम ठेवलेले असतात, कारण त्या ठिकाणी नियंत्रक तुम्हाला दिशा देणार असतो. तक्त्यावर त्या बिंदूनंतर रडार व्हेक्टरचा उल्लेख आहे का ते पाहूनच निर्णय घ्या. खंड तसाच राहिला आणि विमान तिथे पोहोचले तर एलनॅव्ह सुटतो, हेही ध्यानात ठेवा.

७. लेग्ज पान वाचणे

संपूर्ण प्रक्रियेत मी सर्वाधिक वेळ या पायरीला देतो आणि तुम्हीही द्यावा. एकाने छापील फ्लाइट प्लॅन हातात घ्यायचा, दुसऱ्याने पडदा पाहायचा. प्लॅन घेतलेल्याने बिंदूचे नाव, दिशा आणि अंतर वाचायचे. पडद्यावर तेच दिसत असेल तरच दुसऱ्याने होकार द्यायचा आणि पहिल्याने पेन्सिलने खूण करायची. दिशेत एक-दोन अंशांचा फरक चालतो. दहा अंशांचा फरक दिसला तर बिंदू चुकीचा आहे किंवा मधला एखादा बिंदू गळला आहे. माझा मित्र विजापूर रोडवरून संध्याकाळी येई आणि आम्ही फक्त हेच करीत असू, विमान न उडवता. घरातले कोणीही हे काम करू शकते. विमानाची माहिती नसलेला माणूस अक्षरे अधिक प्रामाणिकपणे वाचतो, कारण पुढे काय येणार याचा त्याला अंदाज नसतो.

यानंतर एकूण अंतर पाहा. मुंबई-हैदराबाद सरळ अंतर साधारण ३३५ नॉटिकल मैल आहे. ठरलेल्या पद्धतींची वळणे धरून तुमचे एकूण अंतर त्यापेक्षा काहीसे जास्त येईल. ते सरळ अंतरापेक्षा कमी आले किंवा दुपटीजवळ गेले, तर कुठेतरी चूक आहेच.

मग नकाशाचा मोड प्लॅनवर ठेवा आणि लेग्ज पानावरील स्टेप या बटणाने एकेक बिंदू मध्यभागी आणत पूर्ण मार्ग पाहा. अचानक मागे वळणारी रेषा, टोकदार कोपरा किंवा नकाशाबाहेर पळणारी रेघ लगेच नजरेत भरते. एक सोपा उपाय आपल्या शहराच्या बाबतीत करता येतो. फिक्स पानावर सोलापूर विमानतळाचा कोड व्ही-ए-एस-एल टाकून पाहा. तुमच्या डेटाबेसमध्ये तो असेल तर नकाशावर सोलापूर दिसेल. मुंबई-हैदराबाद सरळ रेषा सोलापूरच्या थोड्या उत्तरेकडून जाते. तुमचा मार्ग सोलापूरच्या बराच दक्षिणेला, विजापूरच्याही पलीकडे गेलेला दिसला, तर फ्लाइट प्लॅन पुन्हा उघडा.

८. वजन आणि इंधन

पर्फ इनिट पानावर एकाच चुकीचा परिणाम सगळ्या उड्डाणावर होतो. येथे एकूण वजनाची आणि इंधनाशिवायच्या वजनाची, म्हणजे झिरो फ्युएल वेटची, अशा दोन जागा जवळजवळ असतात. नेहमी झिरो फ्युएल वेट भरा आणि एकूण वजन यंत्राला काढू द्या. समजा लोडशीटवर, म्हणजे विमानाच्या वजनाच्या तक्त्यावर, ते ५८,४०० किलो आहे आणि टाकीत ७,२०० किलो इंधन आहे. यंत्रात ५८.४ भरल्यावर एकूण वजन ६५.६ टन दिसले पाहिजे. तोच ५८.४ चुकून एकूण वजनाच्या जागी गेला, तर यंत्र त्यातून इंधन वजा करून विमान प्रत्यक्षापेक्षा ७.२ टनांनी हलके समजेल. त्यावरून काढलेले उड्डाणाचे वेग कमी येतील आणि विमान पुरेसा वेग नसतानाच नाक उचलू लागेल.

२० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून निघालेल्या एमिरेट्सच्या ए-३४०-५०० विमानाच्या बाबतीत उड्डाणाचा हिशेब ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टनांवर झाला. हा आकडा उड्डाणाची गणिते करणाऱ्या लॅपटॉपमध्ये चुकला होता आणि त्यातून आलेले वेग व शक्ती पुढे वापरली गेली. विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली, धावपट्टी संपून गेली, आणि ते जेमतेम हवेत उचलले गेले. वैमानिकांनी ते सुखरूप परत उतरवले. एक आकडा, पण शंभर टनांचा फरक.

म्हणून वजन भरण्याआधीच वहीत स्वतःचा अंदाज लिहून ठेवा. ७३७-८०० चे उड्डाणाचे कमाल वजन सुमारे ७९ टन असते. तासा-दीड तासाच्या, चांगल्या भरलेल्या उड्डाणाला साधारण पासष्ट टन येतील, असा अंदाज मनात असला की ५१ किंवा ७५ दिसताच तुम्ही थबकाल. एकक तपासायला विसरू नका. भारतात किलोमध्ये काम चालते, परंतु सिम्युलेटरची मूळ मांडणी अनेकदा पौंडांत असते.

राखीव इंधन आणि कॉस्ट इंडेक्स (वेळेचा खर्च आणि इंधनाचा खर्च यांचे गुणोत्तर) फ्लाइट प्लॅनमधून घ्या. प्रवासाची उंची देताना दिशा लक्षात घ्या: पूर्वेकडे जाताना विषम पातळी, म्हणजे ३३० (३३,००० फूट), ३५० यांसारखी. ट्रान्झिशन ऑल्टिट्यूड (जिच्या वर गेल्यावर उंचीमापक प्रमाण हवादाबावर लावतात ती उंची) मात्र तक्त्यावरूनच बदला; यंत्रात आधीपासून अमेरिकी पद्धतीची १८,००० फूट असू शकते आणि भारतात ती बरीच कमी असते.

९. उड्डाणाची पाने आणि उन्हाळा

एन-वन लिमिट पानावर बाहेरचे तापमान आणि इंजिनाची शक्ती, तर टेकऑफ रेफ पानावर फ्लॅप, गुरुत्वमध्य आणि व्ही-वन (उड्डाण थांबवण्याचा निर्णय घेण्याची मर्यादा), व्ही-आर (नाक उचलण्याचा वेग), व्ही-टू (सुरक्षित चढाईचा वेग) हे तीन वेग येतात. यंत्राने सुचवलेले वेग कार्यक्षमतेच्या गणितातून आलेल्या वेगांशी जुळतात का ते पाहून मगच निवडा. शेवटच्या क्षणी धावपट्टी बदलली तर ही दोन्ही पाने पुन्हा तपासावी लागतात. धावपट्टी बदलल्यावर वेग पुसले गेले असतील तर ते पुन्हा निवडायला विसरणे ही फार सामान्य चूक आहे.

तापमान भरताना सिम्युलेटरने दिलेल्या १५ अंशांवर समाधान मानू नका. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, आणि आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. गरम आणि विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते, पंखांना लागणारा खरा वेग वाढतो आणि धाव लांबते. तेच वजन घेऊन एकदा १५ अंशांवर आणि एकदा ४२ अंशांवर ही पाने भरा, दोन्ही वेळचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. दुपारच्या उड्डाणाला वजनाची मर्यादा का येते, हे त्या दोन ओळींतून समजते.

१०. हवेत गेल्यावर

हवेत एफएमसीवर कमीत कमी वेळ डोळे असावेत. नियंत्रकाने एखाद्या बिंदूकडे थेट जायला सांगितले, तर लेग्ज पानावरचा तो बिंदू स्क्रॅचपॅडवर उतरवा, एक-एलवर ठेवा, नकाशावर तुटक रेषा योग्य दिशेने गेल्याची खात्री करा आणि मग एक्झेक दाबा. उतरण सुरू होण्याच्या बरेच आधी अप्रोच, वारा आणि उतरण्याचा वेग भरून घ्या. दहा हजार फुटांखाली मार्गात मोठा बदल आला तर टंकत बसू नका; ऑटोपायलटला हेडिंग (दिशा) देऊन विमान सांभाळा आणि एफएमसी दुसऱ्या वैमानिकाकडे सोपवा.

११. एअरबसकडे जाणार असाल तर

देशातील बरीचशी भरती ए-३२० वर होत असल्याने हे वाचून ठेवा. तेथे उपकरणाला एमसीडीयू म्हणतात आणि पाने भरण्याचा रूढ क्रम असा: डेटा, इनिट-ए, फ्लाइट प्लॅन, दुय्यम फ्लाइट प्लॅन, रेडिओ नॅव्ह, इनिट-बी, पर्फ. एक्झेक बटण नाही. बदल आधी पिवळ्या रंगातील तात्पुरत्या मार्गात दिसतो आणि इन्सर्टने अमलात येतो. अंबर रंगाच्या चौकटी म्हणजे आवश्यक नोंद. निळी अक्षरे तुम्हाला बदलता येतात. इनिट-बीमध्ये वजन आणि इंधन भरले जाते आणि इंजिने सुरू झाल्यावर ते पान मिळत नाही, त्यामुळे लोडशीट उशिरा आली तर धावपळ होते. एक विमान नीट आले की दुसरे शिकायला त्रास पडत नाही. दोन्ही एकदम सुरू करू नका; दोन्हींची बटणे हातात गुंततात.

१२. खऱ्या प्रशिक्षणाला जाताना

घरच्या सिम्युलेटरवरचे तास लॉगबुकमध्ये लिहिता येत नाहीत आणि डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, दृष्टीने त्यांना किंमत नाही. व्यावसायिक वैमानिक परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, वर्ग-१ चे वैध वैद्यकीय प्रमाणपत्र, रेडिओटेलिफोनीचा परवाना, लॉगबुकच्या साक्षांकित प्रती आणि ओळखपत्रे ही कागदपत्रे टाइप रेटिंगसाठी एका फाइलमध्ये लावून ठेवा. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत प्रशिक्षणाच्या मध्येच संपणार नाही ना, हे प्रवेशाआधी पाहा. प्रशिक्षणसंस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी डीजीसीएकडून खात्री करून घ्या. संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नका.

सोबत घरी वापरलेली वही न्या, पण पहिल्याच दिवशी संस्थेची किंवा कंपनीची ठरलेली कार्यपद्धती तिच्याशेजारी मांडा. कोणत्या वैमानिकाने कोणते पान भरायचे, कोणी तपासायचे आणि एक्झेक दाबण्याआधी कोणते शब्द उच्चारायचे, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. या लेखातील क्रम आणि त्यांचा क्रम यांत जिथे फरक दिसेल, तिथे वहीतील ओळ खोडून त्यांची लिहा आणि त्याच रात्री कागदी सीडीयूवर नव्या क्रमाने पुन्हा सराव करा.